गेट म्हणजे फाटक

सहावीच्या वर्गात फळ्यावर जी-ई-टी अशी तीन अक्षरं लिहिली आणि विचारलं, "याचा अर्थ कोण सांगेल?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "फाटक, सर!" वर्ग खो खो हसला, मीही हसलो. आमचं गाव खान्देशातलं, सुरत-भुसावळ लाइनवरचं, घरोघरी बोली अहिराणी. गावात शिरताना रेल्वे आडवी येते आणि उशिरा येणारं प्रत्येक पोर एकच कारण सांगतं, "सर, गेट पडेल व्हतं." त्याच्या कानाला हे गेट आणि ते गेट एकच, आणि देवनागरीत लिहिलं तरी दोघांत फरक दिसत नाही. मी त्याला खाली बसवलं आणि ठसक्यात सांगितलं, "लिहा रे. गेट म्हणजे मिळणे." चाळीस वह्यांत ते लिहिलं गेलं.

त्या पोराची चूक एका मिनिटात पुसली गेली. माझी वर्षभर टिकली. सहामाहीच्या पेपरात ‘इट इज गेटिंग डार्क’ याचं भाषांतर आलं, ‘अंधार मिळत आहे’. ‘शी गॉट अँग्री’चं झालं ‘तिला राग मिळाला’. ‘गेट अप’ला एकीनं ‘वर मिळवा’ असं लिहिलं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही हे पेपर एकमेकांना वाचून दाखवले आणि चहा सांडेपर्यंत हसलो. पोरांनी आम्हीच दिलेला अर्थ इमानेइतबारे लावलाय, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

ते माझ्या ध्यानात आलं एका फोनमुळे. माझाच एक जुना विद्यार्थी, आयटीआय करून चाकणला एका कारखान्यात लागलेला. साहेबानं दुपारी मोबाइलवर मेसेज टाकला होता, ‘गेट इट डन बाय सिक्स’. म्हणजे सहाच्या आत हे करून घे. हा समजला, सहापर्यंत आपल्याला ते होऊन मिळणार आहे. "सर, मी वाट देखत बसनू," तो सांगत होता. सहा वाजता साहेब आला, काम तसंच पडलेलं. पोरगा आळशी नव्हता, मठ्ठही नव्हता. शाळेत पाठ केलेला अर्थ त्यानं पंचवीस माणसांच्या शॉपवर जसाच्या तसा वापरला होता. तो अर्थ मी दिला होता.

महाराष्ट्रात मराठी शाळांमधून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. दोन तपं उलटून गेली. त्यावर अजूनही आपला वाद चालतो तो इंग्रजी कितवीपासून, सेमी असावं की नको, माध्यम कोणतं, एवढ्याचभोवती. वर्गात इंग्रजीचा तास कसा जातो याबद्दल गावात कुणी भांडताना मला दिसलेलं नाही. आणि तो कसा जातो, तर ‘रोज पाच शब्द’ असा फलक, त्याखाली शब्द, शब्दासमोर एक मराठी अर्थ, महिन्याअखेरीला तोंडी परीक्षा. पालकसभेत बाप कौतुकानं सांगतो, "पोरगीले हजार शब्द पाठ शेतस." त्या हजारांत एलिफंट आहे, अंब्रेला आहे, पॅरॅलेलोग्रॅमही आहे. ‘गेट’ही आहे, पण एकाच अर्थापुरता. माझं म्हणणं असं की ही शब्दांची खतावणी बंद करावी, आणि गेट, टेक, पुट, मेक, गो अशी दहा-पंधरा साधी क्रियापदं पाचवीपासून आठवीपर्यंत मुलांच्या अंगात मुरेपर्यंत शिकवावीत. तीही मुलांच्या स्वतःच्या बोलीतून. हत्तीचं स्पेलिंग नंतर आलं तरी चालेल, आमच्या बाजूला हत्ती नाहीत.

हे काही माझ्या सुपीक डोक्यातून निघालेलं नाही. १९३० साली ऑग्डेन नावाच्या इंग्रज विद्वानानं साडेआठशे शब्दांत चालणारी छोटी इंग्रजी मांडली. त्यात क्रियापदं फक्त अठरा, आणि त्यातलं एक ‘गेट’. त्याचं जागतिक भाषेचं स्वप्न मला फार पटत नाही, पण कामाचा किती भार या चिमुकल्या शब्दांवर असतो ते त्यानं दाखवून दिलं. दुसरा मायकेल वेस्ट. हा तर आपल्याकडच्याच शिक्षण खात्यातला माणूस, ढाक्याला नोकरीत होता. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना कुठं अडखळतात हे बघत बघत त्याचा अभ्यास उभा राहिला, आणि १९५३ मध्ये त्यानं सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. त्या यादीत नुसते शब्द नाहीत. एखाद्या शब्दाचा कोणता अर्थ वापरात किती येतो, याचे टक्के दिले आहेत. अर्थांनाही क्रम असतो, कोणता आधी शिकवायचा हे मास्तरला ठरवावं लागतं, ही गोष्ट आपल्याच उपखंडात शिकवलेल्या एका मास्तरानं मांडली. सत्तरेक वर्षांनी आमच्या गाईडात गेट म्हणजे मिळणे, पूर्णविराम.

आता गेटची गंमत बघा. पत्र मिळालं तरी गेट, पोर दमलं तरी गेट, कपडे भिजले तरी गेट, बसमधून उतरायचं तरी गेट, विनोद कळला तरी गेट, लग्न झालं तरी गेट. शिकवताना मी याला कंटाळायचो. मुलांना म्हणायचो, इंग्रजांना शब्दच नाहीत रे, एकाच बैलाला दहा औतांना जुंपतात. हे बोलल्यावर एक दिवस घरी जेवायला बसलो. आई म्हणाली, "भूक लागनी व्हई ना?" भरीत तोंडात घातलं, ते जरा तिखट लागलं. ठसका लागला. पाणी प्यायलो. तेवढ्यात शेजारच्याचा निरोप आला, बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागलं. हात धुतला आणि चालू लागलो, कारण बघायला जावं लागणार होतं. दाराशी ठेच लागली.

पाच मिनिटांत सात वेळा एकच क्रियापद, आणि सातही वेळा अर्थ निराळा. मग मी कागदच घेतला. नोकरी लागते, नंबर लागतो, निकाल लागतो, डोळा लागतो, नाद लागतो, सुगावा लागतो, वेळ लागतो, वाट लागते. कुणाला एसटी लागते, म्हणजे घाटात उलटी होते, आणि तीच एसटी स्टँडवर फलाटाला लागते. भुसावळला गाडी तीन नंबरला लागते. लग्न लागतं, आग लागते, दार लागतं. कुणी कुणाची मावशी लागते. यादीनं पन्नाशी कधी ओलांडली कळलं नाही. इंग्रजांचा एक बैल दहा औतांना, तर आमचा एकटा अख्ख्या शिवाराला.

यातले अर्धेअधिक उपयोग गेटच्या पावलावर पाऊल टाकून जातात. भूक लागणं, नोकरी लागणं, झोप लागणं, चालू लागणं, या सगळ्याला इंग्रजीत गेट चालतं. ‘मला लागलं’ म्हणजे दुखापत झाली, तिथंही गेट हर्ट. लग्न लागलं, गेट मॅरिड. ‘चल, चालायला लाग’ म्हणून हाकलायचं असेल तर गेट लॉस्ट. आणि ‘मला जावं लागतं’ याला बोलीतल्या इंग्रजीत आय हॅव गॉट टू गो. इथं जरा थांबावं लागतं, कारण ‘आय गेट टू गो’ म्हटलं की अर्थ उलटतो, ‘मला जायला मिळतं’. एकात सक्ती आहे, एकात संधी. सहावीच्या पोराला हा फरक समजावताना व्याकरणाची एकही संज्ञा लागत नाही. विचारायचं, "सहलीला जायला मिळालं की जावं लागलं?" सगळा वर्ग हसतो, कारण सगळ्यांना फरक आधीपासून माहीत असतो.

मुलांना हे आधीपासून माहीत असतं, माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तोच. एका शब्दाचे वीस अर्थ सांभाळणं ही गोष्ट आमच्या पोरांना शिकवावी लागत नाही. ती चौथ्या वर्षी आलेली असते. पण इंग्रजीच्या तासाला आपण त्यांना दारातच सांगतो की घरची भाषा बाहेर काढून ठेवा, चपलांसारखी. मग ती पोरं वीस अर्थांची माणसं असूनही एका अर्थाची वही घेऊन बसतात.

खरी अडचण अर्थाची नाहीच, ती ‘मला’ची आहे. मराठीत भूक मला लागते, नोकरी मला लागते, ठेच मला लागते. म्हणजे घडणारी गोष्ट चालून येते आणि मी तिच्या वाटेत बसलेला असतो. अहिराणीत तसंच, ‘माले भूक लागनी’. इंग्रजीत गेट आलं की मी वाक्याच्या डोक्यावर चढून बसतो, आय गेट हंग्री. आमच्या मुलांच्या वहीत ‘हंगर केम टू मी’ असली वाक्यं सापडतात ती यामुळे. त्यांच्या मनातल्या मराठीचं ते अगदी चोख इंग्रजी असतं. लाल पेन फिरवण्याआधी एकदा तरी सांगायला हवं की बाळा, मराठीत तू ‘मला’ आहेस, इंग्रजीत तू ‘मी’ हो. एवढ्या एका वाक्यानं माझ्या वर्गात जेवढ्या चुका कमी झाल्या, तेवढ्या वर्षभराच्या शब्दपाठानं झाल्या नव्हत्या. मोजमाप मी ठेवलेलं नाही, पण पेपर तपासणारा हात खोटं बोलत नाही.

आता ‘मिळणे’कडे वळतो, कारण खान्देशात तो अर्थसुद्धा धड उपयोगाचा नाही. आमच्याकडे वस्तू मिळत नाही, भेटते. ‘दुकानमा साखर भेटनी नही’, ‘नोकरी भेटनी का?’, पगार भेटतो, सुट्टी भेटते. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा खोलीवरच्या मित्रानं पहिल्याच आठवड्यात मला सुधारलं होतं, "अरे, माणसं भेटतात, वस्तू मिळतात." मी खूप दिवस जीभ आवरून बोलायचो. आता नाही आवरत. आमची बोली २०११ च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या वेगळ्या नावाखाली मोजली गेली आहे, त्या नावाखाली साडेअठरा लाखांच्या आसपास माणसं आहेत. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सननं तर आपल्या १९०७ सालच्या खंडात तिला भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं होतं. ती बोली आहे की भाषा, या भांडणात मला इथं पडायचं नाही. मुद्दा एवढाच की पारोळ्याच्या पोराला गेटसमोर ‘मिळणे’ लिहून देणं म्हणजे एका परक्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या अर्ध्या परक्या शब्दात देणं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरी आणि भिलोरी बोलणाऱ्या मुलांची तर गोष्टच सोडा. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच पहिली परकी भाषा आहे. गेट म्हणजे भेटणं असं सांगितलं की आमची पोरं मान डोलावतात. पत्र भेटलं, बक्षीस भेटलं, ताप उतरायला गोळी भेटली. पुणेकर मित्र नाक मुरडेल. मुरडू दे.

त्यात गेटची स्वतःची जन्मकथा काही फार खानदानी नाही. हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडून समुद्र ओलांडून आलेल्या नॉर्स लोकांच्या तोंडून. जुन्या इंग्रजीत त्याचा भाऊबंद होता, पण सुटा नव्हे, जोडशब्दांत अडकलेला. ‘फॉरगेट’मधला गेट त्याच घराण्यातला. आलेल्यांची बोली आणि गावातल्यांची बोली एकमेकींत मिसळली आणि हा सुटा गेट शेताबांधावरून, बाजारातून वर चढत गेला. पुढे इंग्लंडातले शाळामास्तर पोरांना सांगायचे, निबंधात गेट लिहू नका, गावंढळ दिसतं, त्याऐवजी ऑब्टेन लिहा, रिसीव्ह लिहा. पोरं वहीत ऑब्टेन लिहायची आणि मैदानावर गेट बोलायची. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ‘भेटनं’ची आठवण झाली. मास्तर सगळीकडचे सारखेच.

आणि गंमत अशी की आमच्या तालुक्याच्या गावी ‘फाडफाड इंग्रजी’चे जे वर्ग चालतात, तिथं अजून तेच सांगतात. गेट हलका शब्द, मुलाखतीत ऑब्टेन म्हणा, वजन पडतं. पोरगं मुलाखतीत म्हणतं, आय ऑब्टेन्ड डिप्लोमा. समोरचा साहेब विचारतो, हाऊ डिड यू गेट हिअर? म्हणजे इथवर कसा आलास, बसनं की ट्रेननं? आणि पोरगं गप्प. त्याला ऑब्टेन येतं, गेट येत नाही. मोठ्या शब्दांचा माझा राग नाही. पण पाया न खणता गच्ची बांधायची हौस आपल्याकडे फार आहे. ती इंग्रजीपुरतीच नाही, तो विषय निराळा.

सेमीच्या शाळेतला माझा एक जुना सहकारी यावर हटकून म्हणतो, "तू मराठी मधे आणलीस की पोरं जन्मभर भाषांतर करूनच बोलतील. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायला हवं." हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या घरात, ज्या गल्लीत इंग्रजी कानावर पडतं तिथं त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आमच्या शिवारात इंग्रजी कानावर पडतं ते बियाण्याच्या पाकिटावर, औषधाच्या डब्यावर आणि रेल्वेच्या भोंग्यात. आठवड्याचे तीन-चार तास इंग्रजी कानावर टाकून मूल त्यात पोहायला लागेल, ही आशा आहे, पद्धत नव्हे. शिवाय भाषांतर पोरं करतातच. मास्तर मराठी बोलला नाही म्हणून पोराच्या डोक्यातली मराठी बंद पडत नाही. ती चोरून चालते आणि चोरून चालते म्हणूनच चुकते. ‘अंधार मिळत आहे’ हे चोरट्या भाषांतराचंच फळ होतं. आणि खरं सांगायचं तर तो सहकारीही पस्तीस मिनिटं इंग्रजी रेटून नेत नाही. दहा मिनिटांनी त्याचं ‘सिट डाऊन’ संपतं आणि ‘बस खाली गुपचूप’ सुरू होतं. मीही त्याच माळेतला मणी, म्हणून सांगतो.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मला जास्त अडवतो. ते म्हणतात, अहिराणीतून शिकवाल तर पोरगं गावठीच राहील. त्यांचा रोख शिकवण्यावर नसतो, तो त्यांना सोसाव्या लागलेल्या अपमानावर असतो. पिवळ्या बसमधून टाय लावून जाणारं शेजारचं पोर बघून त्यांच्या पोटात जे कालवतं, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हणतो की टायवाल्या शाळेतसुद्धा गेट म्हणजे टू ऑब्टेन असंच पाठ करून घेतात. तिथं एक परका शब्द दुसऱ्या परक्या शब्दानं समजावतात, फी भरून.

व्हायला काय हवं, तर पहिल्यांदा प्रश्नपत्रिका बदलायला हवी. बालभारतीच्या पुस्तकांत संवाद आहेत, गाणी आहेत, पुस्तकावर सगळा राग काढण्यात अर्थ नाही. पण वर्ग चालतो तो पेपरमध्ये काय येतं त्यावर. एका शब्दाचा एक अर्थ लिहा, असा दोन मार्कांचा प्रश्न आला की चार महिने तसंच शिकवलं जातं. त्याऐवजी गेट असलेली पाच वाक्यं द्या आणि म्हणा, हे तुमच्या घरी कसं म्हणाल ते लिहा. घरच्या बोलीत लिहिलं तरी मार्क द्या. अहिराणी, लेवा, गुजरी, पावरी, काहीही. तपासणाऱ्याला ती बोली येत नसेल तर त्यानं पोराला विचारावं, दोन शब्द त्याच्याही पदरात पडतील. डीएलएडला (जुन्या डीएडला) जाणाऱ्या नव्या मास्तरांना आपल्याच भाषेतल्या लागणे, पडणे, बसणे, घेणे यांचे उपयोग गोळा करायला लावावेत. ‘गेट अप’मधला ‘अप’ आणि ‘उठून बस’मधला ‘बस’ यांचं नातं एकदा ज्याला दिसलं, त्याला इंग्रजी शिकवताना गाईड उघडावं लागत नाही.

अर्थात गेट आणि लागणं ही काही जुळी भावंडं नव्हेत. आग लागते तिथं गेट चालत नाही, निकाल लागतो तिथं नाही, भरीत तिखट लागतं तिथं तर मुळीच नाही. मी वर्गात मुद्दाम दोन रकाने पाडतो, ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’, आणि पोरांनी वाक्यं आणायची. दुसरा रकाना भरायला त्यांना जास्त मजा येते. इंग्रजी कुठं कुठं हरतं ते बघायचं असतं. गेल्या पावसाळ्यात असाच तास चालू होता. पत्र्यावर पाऊस, अर्धा वर्ग ओला, एकीनं आल्या आल्या ‘आय गॉट वेट’ म्हणून शाबासकी घेतली होती. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. कपाशी निंदून हाताची बोटं हिरवी झालेली, शाळेत जेमतेम निम्मे दिवस येणारी.

"सर, ‘तो मना मामा लागस’, इथे गेट चाली का?"

मी म्हटलं, नाही, मामाला गेट चालत नाही, तिथं नुसतं ‘ही इज माय अंकल’. तिनं दुसऱ्या रकान्यात वाक्य लिहून घेतलं, पेन्सिल तोंडात धरून जरा विचार केला आणि शेजारणीला सांगितलं,

"मंग इंग्रजीले मामा भेटस नही."